कूलिंग पॅडच्या आधी हे करून बघा

उन्हाळ्यात लॅपटॉप फार तापतो, काय करावं, या प्रश्नावर वर बऱ्याच जणांनी कूलिंग पॅड (लॅपटॉपखाली ठेवायचा पंख्यांचा स्टँड) घ्यायला सांगितलंय. पण जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४४ च्या वर जातो, तेव्हा ते पॅड खोलीतली तापलेली हवाच आत ढकलणार. बहुतेक लॅपटॉप ३५ अंशांपर्यंतच्या हवेत चालवायला बनवलेले असतात.

त्यापेक्षा उष्णता मुळातच कमी तयार होऊ द्या. विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांत यानं टर्बो बूस्ट, म्हणजे गरज पडली की प्रोसेसरचा वेग आपोआप वाढवणारा आणि जास्त उष्णता करणारा प्रकार, बंद होतो. टायपिंग, ब्राउझिंगला फरक जाणवतही नाही. कापसाच्या गादीवर तर लॅपटॉप नकोच, खालची हवेची जाळी पूर्ण बुजते. आणि लॅपटॉप बंद करून बाजूच्या जाळीत टॉर्च मारून बघाच. आतल्या बारीक पत्र्यांवर धुळीचा थर बसलेला दिसला, तर दुकानात उघडून साफ करून घ्या.