राग म्हणजे कुकरमधली वाफ आहे का?

करीरोड_मावशी
आमच्या चाळीच्या मंडळाने व्यायामशाळेत पंचिंग बॅग लावलीय, का तर दहावीची पोरं घरी फार चिडचिड करतात, राग तिथे निघून जाऊ दे. परवा सहज डोकावले तर बॅगवर क्लासच्या सरांचा फोटो सेलोटेपने चिकटवलेला आणि तीन पोरं आळीपाळीने त्याच्या तोंडावर ठोसे मारतायत, बाजूला एक काका उभे, "काढ, सगळा राग काढ" म्हणत. माझ्या पोटात गोळाच आला. मी शाळेत समुपदेशनाचं काम करते, आणि नेमका हाच प्रयोग अमेरिकेत झालेला आहे. ब्रॅड बुशमन नावाच्या संशोधकाने 2002 साली तो छापला. 600 कॉलेजच्या मुलामुलींना आधी मुद्दाम चिडवलं, त्यांच्या निबंधावर वाईट शेरे मारले. मग काहींना त्या शेरे मारणाऱ्याचा म्हणून एक फोटो दाखवून त्याचा विचार करत बॅगवर ठोसे मारायला सांगितले, काहींना फक्त व्यायाम म्हणून मारायला सांगितले, आणि काहींना दोन मिनिटं नुसतं बसवून ठेवलं. नंतर सगळ्यांना त्या माणसाला कर्कश आवाज ऐकवायची संधी दिली. सगळ्यात जास्त चिडलेले कोण निघाले तर फोटोवाले, आणि सगळ्यात कमी आक्रमक कोण, तर जे गप्प बसून होते ते.
राग म्हणजे वाफ, शिट्टी झाली की कुकर शांत, हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलंय पण ते खरं नाही. ठोसे मारताना छाती धडधडते, श्वास वाढतो, आणि डोक्यात तोच माणूस. मग राग उतरणार कुठून? ती बॅग काढावी असं माझं स्पष्ट मत आहे.

लालबागचा_चढाईपटू
ताई तुमचं शिक्षण मोठं, पण मी 25 वर्षं पोरांना कबड्डी शिकवतोय आणि राग मैदानात उतरतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. घरी बापाचा मार खाऊन आलेला पोरगा तासभर चढाया करतो, घामाने निथळतो, आणि जाताना हसत जातो. दोन मिनिटं बॅग मारायची आणि आवाज ऐकवायचा, त्यावरून लालबाग परळच्या पोरांचं ठरवणार का? ती अमेरिकेची कॉलेजातली मुलं. इथे दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतात, पोरगा चिडला तर त्याला भिंतीकडे तोंड करून बसायलासुद्धा जागा नाही. तुमचं गप्प बसणं करायचं कुठे?

विरार_फास्ट
सरांशी शंभर टक्के सहमत. आणि गप्प बसून काय होतं ते आम्हा बायकांना विचारा. सकाळी लोकलला लटकायचं, ऑफिसात साहेबाचं ऐकायचं, घरी सासूबाईंचं, राग काढायचा कुणावर? मग तो आत जातो आणि स्वतःलाच खातो. हे फ्रॉइडनेच सांगितलंय ना, दुसऱ्यावरचा राग माणूस स्वतःवर उलटवतो म्हणून. त्यामुळे राग दाबा हा सल्ला मला तरी धोक्याचा वाटतो, निदान बॅगवर तरी निघू दे.

करीरोड_मावशी
दाबा असं मी कुठेच म्हटलं नाही हो ताई. दाबणं वेगळं आणि खाली आणणं वेगळं. फ्रॉइडचं 1917 चं ते लिखाण आहे, बरोबर, पण पुढे लोकांनी मोजून बघितलं तेव्हा चित्र वेगळं दिसलं. राग बाहेर पडला की आतला कमी होतो असं असेल तर मारामाऱ्या करणारी माणसं स्वतःला इजा करणार नाहीत, हो ना? प्रत्यक्षात उलटं आहे. दोन्ही एकाच माणसात सापडतात, आणि योगायोगाने सापडतील त्याहून जास्त वेळा. कारण मुळं बरीचशी एकच, लहानपणीचा मार किंवा अत्याचार, भावना अनावर झाल्यावर सावरता न येणं, आणि क्षणात काहीतरी करून बसायची सवय. म्हणजे एक नळ सोडला की दुसरा बंद होतो असं नाहीच.
सर, तुमच्या कबड्डीबद्दल मात्र मला बोलायचंय. 2024 मध्ये बुशमन आणि सोफी शारविक यांनी 154 अभ्यास एकत्र करून तपासले, दहा हजारांवर माणसं. शरीर शांत करणाऱ्या गोष्टींनी, म्हणजे खोल श्वास, शिथिलीकरण, ध्यान यांनी राग कमी झाला. नुसतं धावण्याने उलट वाढला. पण बॉलचे खेळ वगैरे, जिथे खेळायची मजा असते, तिथे थोडा कमीसुद्धा झाला. कबड्डीचं त्यात नाही, पण तुमचा पोरगा हसत जातो तो बहुतेक यामुळेच. तो बापाला मारत नसतो, तो खेळत असतो.

अनामिक_आई
मी कधी लिहीत नाही इथे. माझी मुलगी नववीत आहे. मे महिन्याच्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा टॉप घालून फिरायची, मला वाटलं फॅशन असेल, मग एक दिवस कपडे वाळत घालताना तिची बाही वर सरकली आणि मला कळलं की ती स्वतःला इजा करून घेतेय. मी ओरडले, रडले. सोसायटीतल्या एकीला सांगितलं तर म्हणाली लक्ष वेधून घ्यायचे नखरे आहेत, दुर्लक्ष कर, आणि आत्महत्येबद्दल तर चुकूनही विचारू नकोस, डोक्यात भरेल. दोन महिने मी खरंच काही विचारलं नाही. रोज रात्री तिच्या खोलीचं दार थोडं उघडं ठेवून झोपते. मी बरोबर केलं का?

नाईट_ड्युटी
ताई, आधी एक सांगते, तुमची चूक झालेली नाही, तुम्ही घाबरलात. मी नर्स आहे, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं. पण विचारा. आजच विचारा. न्यूयॉर्कमधल्या शाळांमध्ये 2,342 मुलांवर हे तपासलंय, 2005 सालचा अभ्यास, निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं, निम्म्यांना नाही. विचारल्यामुळे कुणाच्या डोक्यात काही भरलं नाही, आणि जी मुलं आधीच खचलेली होती त्यांना उलट थोडं हलकं वाटलं. आणि नखरे म्हणणाऱ्या बाईंना सांगा, लक्ष वेधायचं असतं तर तिने मे महिन्यात बाह्या खाली कशाला ओढल्या असत्या? अभ्यासांमध्ये सगळ्यात जास्त पुन्हा पुन्हा दिसणारं कारण म्हणजे आतली असह्य घालमेल. तेवढ्यापुरतं बरं वाटतं आणि मग लाज, आणि परत तेच चक्र.
पोलीस केसची भीती असेल तर तीही काढून टाका. पूर्वी आमच्याकडे आत्महत्येचा प्रयत्न गुन्हा ठरवणाऱ्या 309 कलमाच्या धास्तीने नातेवाईक "पाय घसरला" म्हणून सांगायचे, खरं कारण कळायचंच नाही. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम 115 आलं, अशा माणसावर तीव्र ताण होता असंच धरून चालायचं आणि त्याला उपचार द्यायचे. नव्या न्याय संहितेत तर ते जुनं कलमच नाही. टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर 24 तास चालू असतो, मराठीत बोलतात. पालकसुद्धा फोन करू शकतात.

दादर_पश्चिम_72
मी जुन्या वळणाचा माणूस आहे, माझं मत आवडणार नाही. आमच्या वेळी हे सगळं नव्हतं. या विषयावर इतकं उघड बोलल्यानेच पोरं एकमेकांचं बघून करतात अशी मला मनापासून भीती वाटते. माझा नातू चौदाचा आहे.

करीरोड_मावशी
काका, तुमची भीती खोटी नाही. बघून शिकणं होतं, बँड्युरा नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1961 मध्ये लहान मुलांवर दाखवलंच ना, मोठ्या माणसाने बाहुलीला बडवताना बघितलेली मुलं तशीच बडवायला लागली. म्हणून कसं केलं याची वर्णनं, फोटो, हे नकोच, मुलांच्या ग्रुपवर तर अजिबात नको. पण "तुला जगणं नकोसं वाटतं का रे" असं आजोबांनी शेजारी बसून विचारणं हे त्यात येत नाही. आणि तुमच्या वेळी नव्हतं असं नाही काका, कळत नव्हतं.

विरार_फास्ट
माझं बॅगबद्दलचं मत अजून बदललेलं नाही, श्वास मोजायला मला वेळ कुठेय. पण अनामिक ताई, मला मेसेज करा, मी लेडीज डब्यातून एका मैत्रिणीला काउन्सेलरकडे घेऊन गेलेय, तुमच्यासोबत येईन.

अनामिक_आई
विचारलं. दार लावून, पंखा फुल करून, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून. आधी काहीच बोलली नाही. मग म्हणाली, मरायचं नाहीये आई, फक्त डोक्यातला आवाज थांबायला हवा होता. 14416 ला दोघींनी मिळून फोन लावला, सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय.

लालबागचा_चढाईपटू
वाचून गलबलून आलं ताई. मुलीला सोमवारनंतर कधीही मैदानावर पाठवा, आमच्याकडे मुलींची टीम आहे, फी नाही.
मावशी, बॅग मी काढू देणार नाही, ती व्यायामाची वस्तू आहे. पण आज संध्याकाळी जाऊन तो फोटो मी स्वतः काढला. खाली अजून दोन फोटो निघाले, एक त्यातल्याच एका पोराच्या बापाचा. त्या पोराला उद्या सरावानंतर थांबायला सांगितलंय.