ग्राहक आयोगात ४२,००० रुपयांची तक्रार: वकील करावा की स्वतः उभे राहावे?

प्रश्न

मागच्या वर्षी घरात बसवून घेतलेल्या कपाटांचे प्लायवूड चार महिन्यांतच फुगले आणि दारे लागेनाशी झाली. बिलावर ‘वॉटरप्रूफ’ असे स्पष्ट लिहिलेले असूनही विक्रेता तुमच्या भिंतीलाच ओल आहे, एवढेच सांगतो. ४२,००० रुपये मी बँकेतून भरले असून बिल, पावती आणि व्हॉट्सअ‍ॅपवरचे सगळे बोलणे माझ्याजवळ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात जायचे ठरवले आहे. परंतु ज्या वकिलांना भेटले, त्यांनी सांगितलेली फी दाव्याच्या निम्म्यापर्यंत जाते. वकील न करता गेले, तर माझी बाजू लंगडी पडेल का? आयोगाची पायरी मी यापूर्वी कधी चढलेली नाही.

प्रतिसाद १

ताई, मी वॉशिंग मशीनची तक्रार स्वतः चालवली आणि मला पैसे परत मिळाले. ग्राहकाने स्वतः बाजू मांडण्यास कायद्याची आडकाठी नाही, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला आयोगाचे शुल्कही नाही आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. माझी खरी दमछाक झाली ती कागदपत्रांत. बिल थर्मल कागदावरचे होते; दाखल करायच्या वेळेपर्यंत ते इतके फिकट झाले होते, की झेरॉक्सवर तारीखच उमटेना. शेवटी दुकानातून आलेल्या एसएमएसवरून आणि बँकेच्या पासबुकातल्या नोंदीवरून खरेदीची तारीख दाखवावी लागली. आपले बिल तसल्या कागदावर असेल, तर आजच त्याच्या दोन-तीन स्वच्छ प्रती काढून ठेवा.

प्रतिसाद २

मी स्वतः वकिली करतो, तरीही सांगतो की या प्रकरणात पूर्णवेळ वकिलापेक्षा दुसऱ्या एका गोष्टीवर खर्च करणे अधिक शहाणपणाचे ठरेल. ग्राहक आयोगात तक्रार मुख्यतः शपथपत्र आणि कागदोपत्री पुरावा यांवर ऐकली जाते, त्यामुळे समोरच्याच्या वकिलाशी शब्दाला शब्द भिडवण्याची वेळ क्वचितच येते. आपल्या वादाचा गाभा एकच आहे: प्लाय मुळातच निकृष्ट होते की भिंतीच्या ओलीने फुगले? याचे उत्तर वकील देऊ शकत नाही. ते एखाद्या स्वतंत्र अभियंत्याने भिंतीची ओल मोजून, कपाटाची कापलेली कड पाहून आणि फोटो जोडून लेखी द्यायला हवे, आणि तो अहवाल त्याच्या शपथपत्रासह दाखल करायला हवा. तोपर्यंत कपाट दुरुस्त करू नका, कारण फुगलेली फळी हाच आपला सर्वांत बोलका पुरावा आहे. तक्रारीचा मसुदा मात्र एखाद्या वकिलाकडून एकदा तपासून घ्या. त्याची फी पूर्ण प्रकरणाच्या फीपेक्षा पुष्कळ कमी असते. व्हॉट्सअ‍ॅपचे संदेश देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र (इलेक्ट्रॉनिक पुराव्याच्या खरेपणाबद्दलचे) जोडायला विसरू नका. तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांची मुदत आहे, तीही ध्यानात ठेवा.

प्रतिसाद ३

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी मी सहमत आहे, पण निकालानंतरचे कुणीच बोललेले नाही. कायद्यात ३ महिन्यांची अपेक्षा असली, तरी तारखा लांबतात आणि प्रत्येक तारखेला कामावरून सुट्टी घ्यावी लागते. आपल्या बाजूने निकाल लागल्यावर विक्रेता ४५ दिवसांत राज्य आयोगाकडे अपील करू शकतो; त्यासाठी त्याला आदेशातील ५० टक्के रक्कम आधी भरावी लागते, हा मोठा आधार आहे. अपिलाच्या टप्प्यावर मात्र मी वकील करीन. आणखी एक गोष्ट अनेकींना ठाऊक नसते: विधी सेवा प्राधिकरण कायदा, १९८७ नुसार महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी सहाय्य मागता येते. न्यायालयाच्या आवारातील जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा.

मूळ प्रश्नकर्ती

मनःपूर्वक आभार. उद्या सुतार दारे तासायला येणार होता, त्याला मी आत्ताच फोन करून थांबवले. आधी अभियंत्याचा अहवाल घेते आणि त्याबरोबरच मसुद्यासाठी विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करते. अहवालात ओल भिंतीचीच निघाली, तर मात्र तक्रार करावी की नाही, याचा मला पुन्हा विचार करावा लागेल.