मेंदीच्या कुंपणालगत काहीच जगत नाही, काय लावू?

परसदार:
मेंदीच्या कुंपणालगत दोन फुटांची पट्टी रिकामी आहे. माती सदा कोरडी. झेंडू गेला, तेरडा गेला, गुलाबाच्या तर महिन्याभरात काटक्या झाल्या. पाणी रोज घालते. टिकेल असं काहीतरी सांगा. रोपं याच आठवड्यात आणायची आहेत.

मातकट:
ऊन किती वेळ असतं? कुंपण किती उंच? आणि मेंदी म्हणजे खरी मेंदी, की नर्सरीवाले ज्याला मेंदी म्हणून खपवतात तो डुरांटा?

अंगणवेल:
डोळे झाकून सदाफुली लावा! माझ्याकडे फरशीच्या फटीत उगवलीये, कोणी पाणी घालत नाही.

मातकट:
अंगणवेल, फटीत ऊन असेल. सावलीत सदाफुली नुसती उंच वाढते, फुलं तुरळक येतात.

परसदार:
सकाळी दोन तास ऊन, मग कुंपणाचीच सावली. उंची पाच फूट. पिवळसर पानं आहेत, म्हणजे डुरांटाच असावा. पण रोपं कुठली ते सांगा ना!

बागुलबुवा:
रोपांचं नंतर बघा, आधी मुळं अडवा. कुंपणालगत दीड फूट खोल चर खणा, त्यात पत्रा उभा करा. प्रश्न मिटला.

निवडुंग:
मिटत नाही. मी केलंय हे. खोडाजवळून एका बाजूची सगळी मुळं तुटली आणि ऐन उन्हाळ्यात कुंपणातली चार झाडं वाळली. वर मुळं पत्र्याखालून परत आलीच.

बागुलबुवा:
तुमचा चर खोडाच्या फार जवळ झाला असेल.

निवडुंग:
दोन फुटांच्या पट्टीत लांब तरी कुठे जाणार?

हिरवाचाफा:
डुरांटावर पिठ्या ढेकूण दिसला तर निंबोळी अर्क फवारा. आणि घरात लहान मुलं असतील तर त्याची पिवळी फळं तोंडात जाऊ देऊ नका, विषारी असतात.

परसदार:
कीड नाहीये हो. आत्ता खुरप्याने वीतभर खणून पाहिलं. वरचा बोटभर थर ओला, खाली नुसती भुकटी, आणि काथ्यासारखी मुळांची जाळी.

मातकट:
हेच विचारत होतो. रोजचं थोडं पाणी वरच्या वर राहतं, खाली मुरलंच तर डुरांटा पितो. हलका पाऊसही त्याची दाट पानंच अडवतात. आता रोज घालू नका. तीन-चार दिवसांनी घाला, पण भरपूर, आणि एकदम न ओतता थांबून थांबून. भुकटी झालेली माती पाणी लवकर धरत नाही.

रोपं म्हणाल तर स्नेक प्लांट आणि कोरांटी. पट्टीच्या बाहेरच्या कडेला, कुंपणापासून दीड फुटावर. लहान रोपंच घ्या. मोठ्या रोपाला मोठा खड्डा लागतो, तो या जाळीत नीट होणार नाही. वर तीन बोटं वाळका पाला पसरा, फक्त खोडाला टेकवू नका. पहिले दोन-तीन महिने पाण्याची आबाळ नको, काटक झाडालाही रुजेपर्यंत ओल लागतेच.

अंगणवेल:
कोरांटी काटेरी असते हं, येण्याजाण्याच्या वाटेवर नको. पण जिथे जास्त ऊन येतं त्या टोकाला दोन सदाफुल्या लावून बघाच.

परसदार:
स्नेक प्लांट कुंडीत आहे, त्याचेच गड्डे वेगळे करून लावते. टोकाला सदाफुली. गुलाबाचं खोड खरवडलं तर आत अजून हिरवं आहे. कुंडीत हलवू का?

निवडुंग:
हलवा. आज संध्याकाळीच, मुळांभोवतीची माती न झाडता. आणि कुंडी उन्हात ठेवायची घाई करू नका.