कोराडी शेजारी म्हणून नागपूरची वीज जास्त काळी?

कोणीतरी लिहिलंय की कोराडी-खापरखेड्याची कोळशावरची वीजकेंद्रं जवळ असल्याने नागपूरच्या विजेच्या युनिटमागे कार्बन जास्त धरावा. राखेचा त्रास जवळच्यांना होतो, हे खरंच. पण कार्बनचा हिशोब वीजकेंद्राची चिमणी किती जवळ आहे यावर ठरत नाही. ३१ डिसेंबर २०१३ला दक्षिणेची ग्रिड (वीजवाहिन्यांचं जाळं) बाकी देशाशी जोडली गेली, तेव्हापासून देशाची ग्रिड एकच आहे. म्हणून केंद्रीय विद्युत प्राधिकरण सगळ्यांसाठी एकच सरासरी देतं: २०२३-२४साठी युनिटमागे ०.७२७ किलो कार्बन डायऑक्साइड.

बिलात २०० युनिट असतील तर १४५ किलो. इथेच बहुतेकांचं चुकतं: हा आकडा वीजकेंद्रातून बाहेर पडणाऱ्या विजेचा आहे, मीटरवरचा नाही. वाटेतली गळती समजा १५ टक्के, तर १४५ला ०.८५ने भागा, म्हणजे साधारण १७१ किलो. १५ टक्के नुसते वाढवू नका, उत्तर कमी येतं.

खरा फरक वेळेचा. दुपारी ग्रिडमध्ये सौर वीज भरपूर असते, संध्याकाळी सातला ती गायब आणि भार कोळशावर. त्यामुळे टँकर बोलवायची वेळ नसेल तर पाण्याची मोटर दुपारीच लावा. मे महिन्यातल्या रात्रभर चालणाऱ्या कूलरला मात्र इलाज नाही!