ब्रेटन म्हणायचं की ब्रेझोनेग?

माळ्यावरची ट्रंक (धागाकर्ता)
फ्रान्सच्या वायव्य टोकाला ब्रिटनी नावाचा प्रांत आहे. तिथल्या केल्टिक (आयरिश, वेल्शच्या कुळातल्या) भाषेवर छोटासा लेख लिहितोय. 'ब्रेटन भाषा' असं लिहून घरी वाचून दाखवलं, तर सौ. म्हणाली, "ब्रिटनची भाषा म्हणजे इंग्रजीच ना?" झालं!
ते लोक स्वतःच्या भाषेला ब्रेझोनेग म्हणतात. आपणही तेच म्हणावं, इंग्रजांनी दिलेलं नाव कशाला मिरवायचं? फ्रेंचांनी तर या भाषेची टिंगलच केली. न कळणाऱ्या बडबडीला फ्रेंचमध्ये 'बारागुअँ' म्हणतात. बारा म्हणजे पाव आणि ग्विन म्हणजे वाइन, या ब्रेझोनेग शब्दांवरून तो आला असं सांगतात. 'प्लूक' म्हणजे गावंढळ, आणि तो आला तिथल्या 'प्लू'ने सुरू होणाऱ्या गावांच्या नावांवरून.

पेठेतला
असहमत. ब्रेटन हे इंग्रजांनी दिलेलं नाव नाहीच. पाचव्या-सहाव्या शतकाच्या सुमारास ब्रिटन बेटावरून समुद्र ओलांडून गेलेली माणसं ती, नाव सोबत घेऊन गेली. त्यांच्या भाषेतही माणूस 'ब्रेतोन' आणि अनेक माणसं 'ब्रेतोनेद'. म्हणजे वहिनींचा गोंधळ इतिहासाला धरूनच आहे. ग्रेट ब्रिटनमधलं 'ग्रेट'सुद्धा बढाईचं नव्हे, या धाकट्या ब्रिटनपासून थोरलं वेगळं कळावं म्हणून लागलेलं.
आणि नाव कोणाकडून आलं हे पाहत बसलो तर 'इंग्रज' आणि 'वलंदेज' दोन्ही पोर्तुगीजांकडून आलेत. उद्या जर्मनांना डॉइच म्हणणार का?

ताकपिठलं
धाकट्या ब्रिटनवरून आठवलं. आयरिश भाषेत 'छोटं ब्रिटन' म्हणजे वेल्स. स्कॉटिश गेलिकमध्ये 'छोटं ब्रिटन' म्हणजे ब्रिटनी. सख्ख्या बहिणींचं यावर एकमत नाही, आपण काय ठरवणार!
वेल्श लोक तर 'ब्रिट' शब्दाच्या वाटेलाच जात नाहीत. त्यांच्याकडे ब्रिटनी म्हणजे 'ल्हदाउ' आणि तिथली भाषा 'ल्हदाएग'. यामागचं जुनं केल्टिक रूप 'रुंद भूमी' अशा अर्थाचं, आणि ते आपल्या संस्कृत 'पृथिवी'चं सख्खं भावंड आहे. पण लोकांना व्युत्पत्तीपेक्षा गोष्ट आवडते. एका मध्ययुगीन वेल्श कथेत ब्रिटनमधून गेलेले वीर ब्रिटनीत स्थायिक होतात आणि आपली भाषा बाटू नये म्हणून स्थानिक बायकांच्या जिभा कापतात. निम्मी माणसं मुकी, म्हणून म्हणे 'ल्हदाउ' हे नाव. नाव भावंडानं ठेवलेलं, तरी अर्थ काय चिकटवला बघा.

माळ्यावरची ट्रंक
@ताकपिठलं, म्हणजे माझाच मुद्दा की. दुसऱ्यानं ठेवलेल्या नावाला कधी ना कधी टोमणा चिकटतोच.

पेठेतला
आणि स्वतः ठेवलेल्याला गर्व. पुढे?

रेनमुक्कामी
नोकरीमुळे काही वर्षं ब्रिटनीच्या राजधानीत, रेनमध्ये आहे, म्हणून दोन शब्द. इथल्या दुभाषी पाट्यांवर रेनचं ब्रेझोनेग नाव 'रोआझोन' असतं, पण रेनकडची जुनी बोली ब्रेझोनेग नव्हेच. ती गालो, फ्रेंचच्या कुळातली. आणि 'गालो' हे नाव कुठून आलं? ब्रेतोनेद परक्याला, फ्रेंचाला 'गाल' म्हणत त्यावरून. इंग्रजी त्यांच्यासाठी 'सॅक्सनांची भाषा'. नावं ठेवण्यात तेही मागे नाहीत.
दुसरं, 'त्यांचा शब्द' म्हणजे नक्की कोणाचा? पश्चिमेकडे ब्रेझोनेग, पण ब्रिटनीतल्याच व्हान शहराकडे त्या 'झ'च्या जागी 'ह' म्हणतात. दोघांचं समाधान व्हावं म्हणून १९४१ च्या लेखनपद्धतीत ही दोन्ही अक्षरं (z आणि h) शेजारी शेजारी लिहायचं ठरलं. गाड्यांवरच्या स्टिकरवर दिसतात ती तीच. ट्रंकसाहेब, तुम्ही ज्याला मूळ नाव म्हणताय, त्याचं स्पेलिंग तडजोडीतून आलंय.
तरीही माझं मत धागाकर्त्याच्या बाजूनं. ही भाषा बोलणारे आता १ लाखाच्या आसपास उरलेत. २०१७ साली एका बाळाच्या नावातल्या 'न'वरच्या नागमोडी रेघेवरून इथे सरकारनं कोर्टकचेरी केली. पुढल्या वर्षी रेनच्या अपील कोर्टानं रेघ मान्य केली. रेघेसाठी भांडणाऱ्यांना आख्खं नाव द्यायला आपलं काय जातं?

निपाणीकर
आमच्याकडे हा वाद रोजचा आहे. आपण 'कानडी' म्हणायचं आणि शेजारचे अण्णा 'कन्नड' म्हणून दुरुस्त करणार. जुन्या मराठीत 'कानडे' म्हणजे दुर्बोध असाही अर्थ होता. विठ्ठलाला 'कानडा' म्हटलंय ते कर्नाटकातला म्हणून की अगम्य म्हणून, यावर अजून जुंपते. फ्रेंचांच्या बारागुअँला हसण्याआधी आपलं घर तपासा. माझ्यापुरतं सांगतो, अण्णांसमोर कन्नड म्हणतो. घरी बोलताना कानडीच येतं तोंडात, त्यात आकस नसतो.

पेठेतला
निपाणीकरांशी सहमत, निदान दुसऱ्या अर्ध्याशी. लेख मराठी माणूस मराठी माणसासाठी लिहितोय. तिथे ब्रेतोन अण्णा नाहीत.

माळ्यावरची ट्रंक
आंतरजालावर कोण कुठे वाचतं सांगता येत नाही हो. बरं, माणूस 'ब्रेतोन' हे तुमचं मान्य. भाषा मात्र ब्रेझोनेगच लिहिणार, झाडातला 'झ' आपल्याकडे आयता आहे. पहिल्या वाक्यातच 'ब्रिटन नव्हे' असं टाकतो, सौ.साठी.

रेनमुक्कामी
छापण्याआधी एक. शेवटचा 'ग' लिहायला ग आहे, ऐकू 'क' येतो.