तांब्या काढायला घेतला की घागर होते! रोजच्या वस्तूंची चित्रं काढायला हात कसा धजावेल?

कोरी वही:
नमस्कार मंडळी. वय 47, राहणार सातारा, नोकरी पतसंस्थेत. आठवीत चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसले होते. वस्तुचित्राच्या पेपराला किटली, कप आणि दोन लिंबं मांडली होती. माझी किटली बघून शेजारची मुलगी हळूच म्हणाली, "हत्ती का गं?" सी ग्रेड मिळाली. पुढे पेन्सिल हातात आली ती मुलाच्या प्रयोगवहीतल्या आकृत्यांपुरती.

आता मुलगा शिकायला नागपूरला गेलाय, संध्याकाळचा तासभर माझा असतो. जाड कागदाची, अडीचशे रुपयांची वही आणली. बहुतेक तिथंच चुकलं. पहिलं पान खराब करायचं धाडस होईना, म्हणून दोन महिने ती कपाटात साड्यांखाली होती. शेवटी परवा देवघरातला तांब्या समोर ठेवला आणि बसले. खोडून खोडून कागदाला लव आली. डावी बाजू फुगलेली, उजवी चपटी, तोंडाचा गोल दोन्हीकडे टोकदार, आणि बूड असं की तांब्या निम्मा टेबलात रुतलाय. नवरा म्हणाला, "छान आलीय की घागर." चिडवत असता तर चाललं असतं, पण तो मनापासून म्हणाला.

मला काही प्रदर्शन भरवायचं नाही. घरातलं, दारातलं काढायचंय. स्कूटर, वाळत घातलेले कपडे, मेथी निवडणाऱ्या सासूबाई (त्या एक मिनिट स्थिर बसत नाहीत, हा वेगळाच प्रश्न). कुठून सुरू करू? क्लास लावू का?

पाठकोरा:
ताई, 31 वर्षं शाळेत चित्रकला शिकवली. तुमच्यासारखे शेकडो तांब्ये तपासलेत आणि थोड्यांना सी ग्रेडही दिली आहे, तेव्हा आधी माफी मागतो.

तुम्ही सुरुवातीलाच सगळ्यात अवघड वस्तू घेतलीत. भांडं दोन्ही बाजूंना सारखं असतं, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटरची चूकसुद्धा लहान पोराला कळते. परीक्षेत भांडी मांडतात म्हणून सगळ्यांना वाटतं, चित्रकला भांड्यापासून सुरू होते. त्याऐवजी आल्याचा तुकडा घ्या. आल्याला फुटवा इकडे निघाला काय नि तिकडे निघाला काय, "चुकलं" म्हणायची कोणाची छाती आहे? आलं, सुरण, कारलं, चुरगळलेला रुमाल, दारातली जुनी चप्पल. आठवडाभर एवढंच.

तरी तांब्याचं सांगतो, नाहीतर तो तुमच्या मनातून जायचा नाही. तांब्या हातात धरून डोळ्यांच्या बरोबर समोर आणा. तोंड नुसती आडवी रेघ दिसेल. आता हळूहळू खाली न्या. रेघेचा लंबगोल होतो, आणि जितकं खाली जाल तितका तो उघडत जातो. टेबलावरच्या तांब्याचं बूड तोंडापेक्षा आणखी खाली असतं. म्हणून बुडाची वळणरेषा तोंडाच्या वळणापेक्षा जास्त गोलाई घेते. तुम्ही मात्र ते सरळ काढलंत, कारण तांब्या सपाट बुडावर उभा राहतो हे तुम्हाला ठाऊक आहे. तो रुतल्यासारखा दिसला तो ह्या ठाऊक असण्यामुळे. आणि लंबगोलाला टोकं नसतात. कडेलाही तो वळतोच, फक्त झटकन वळतो.

मधोमध एक फिकी उभी रेघ मारा, दोन्ही बाजूंचं अंतर तिच्यापासून बघा. मापासाठी हात कोपरात न वाकवता पेन्सिल समोर धरा, एक डोळा मिटा आणि तोंडाची रुंदी पेन्सिलीवर अंगठ्यानं पकडा. ती उंचीत किती वेळा बसते ते मोजा. हात वाकला की माप बदललं, हे मात्र लक्षात ठेवा.

आणि ती वही परत साड्यांखाली ठेवा. पतसंस्थेत पाठकोरे कागद ढिगानं असतील (सभासदांची माहिती नसलेले बघून घ्या). 2बी पेन्सिल पुरे. खोडरबर पहिला महिना दुसऱ्या खोलीत. चुकीची रेघ तशीच राहू द्या, बरोबर रेघ तिच्या शेजारी मारा. चुकलेली रेघ समोर असली की बरोबर रेघ किती सरकवायची ते कळतं. खोडलीत की परत तिथंच मारता. वर्गात हे मी रोज बघायचो.

खिडकीची जागा:
सरांना नमस्कार. मी डोंबिवलीहून रोज लोकलनं दादरला जातो. टोपणनाव काहीही असो, खिडकी मिळत नाही. खिशात मावणारी डायरी आणि बॉलपेन, त्यावर चार वर्षं चाललंय.

सासूबाईंचा प्रश्न मला आवडला, कारण माझी सगळी मॉडेलं हलणारीच असतात. युक्ती एवढीच की काम करणारा माणूस फिरून त्याच जागी येतो. मेथी निवडणारा हात जुडीकडे जातो, पानं खुडतो, ताटलीत टाकतो, परत जुडीकडे. एकाच पानावर दोन-तीन आकृत्या सुरू करा. त्या वाकल्या की पहिली, मान वर केली की दुसरी. सोडलेली आकृती दहा सेकंदांनी परत समोर येतेच. आधी पाठीचा बाक, मग डोकं कुठे टेकतं ते. बोटं शेवटी, आणि नाही काढली तरी चालतं. नाकडोळ्यांपासून सुरुवात केलीत तर मात्र गेलात. मी पहिलं वर्षभर तेच केलं, सगळे प्रवासी पासपोर्टच्या फोटोसारखे.

आमच्याकडे झोपलेली माणसं भरपूर. पण तीही ठाण्याला उठतात. पन्नासातली चाळीस चित्रं अर्धी आहेत. आता मलाच अर्धी जास्त आवडतात. फक्त एक पथ्य: समोरच्याला अवघडल्यासारखं झालं की डायरी बंद.

रविवारची फेरी:
मी थोडं वेगळं म्हणेन. क्लास लावायचा असेल तर जरूर लावा, पण शिकवणारा फोटोवरून उतरवायला लावतो का ते आधी विचारा. मी सहा महिने मोबाईलवरचे फोटो चौकटी आखून उतरवले. हुबेहूब यायचे. मग एकदा भाजीवाल्याची हातगाडी समोर बसून काढायला गेले तर चाक कुठे लावावं तेच कळेना. फोटोत सगळं आधीच सपाट झालेलं असतं, प्रत्यक्षात ते काम आपल्यालाच करावं लागतं. आणि कोणाला दाखवू नका. निदान "घागर" म्हणणाऱ्यांना तरी.

कोरी वही:
सगळ्यांचे आभार. सर, माफी पोचली. सी ग्रेड देणारे तुम्हीच असाल तर किटलीबद्दल नंतर बोलू.

नऊ दिवसांत अकरा आली झाली. पहिलं बटाट्यासारखं होतं, सहाव्यानंतर गाठी जागच्या जागी यायला लागल्या. (तेवढं आलं चहात संपवताना घरच्यांचे घसे मात्र साफ झाले.) तांब्या डोळ्यांसमोर धरून खाली न्यायचा प्रयोग केला, तर सासूबाईंना वाटलं मी ओवाळतेय. तोंड उघडत जाताना पाहून खरंच चकित झाले. चाळीस वर्षं रोज हाताळतेय तो.

काल मेथीची जुडी आणली आणि पाठकोऱ्या कागदावर तीन सासूबाई सुरू केल्या. दोन अर्ध्या राहिल्या. तिसरीची पाठ आली, म्हणजे त्यांचीच पाठ, दुसऱ्या कोणाची नाही. त्यांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाल्या, "पदर एवढा खाली घेत नाही मी." मग पदर वर ओढून परत निवडायला बसल्या. ह्या वेळी जरा जास्तच ताठ.