अफगाणिस्तानात सोव्हिएत फौज: वीस मिनिटांत काय सांगू?

नवखा_वक्ता:
मंडळी, वाचनालयाच्या कट्ट्यावर हा विषय माझ्या गळ्यात पडलाय. श्रोते बहुतेक सत्तरीचे. सौर क्रांती (एप्रिल १९७८ मध्ये कम्युनिस्टांनी घेतलेली सत्ता), डिसेंबर १९७९ मध्ये शिरलेली फौज, स्टिंगर (बंडखोरांना मिळालेली अमेरिकी विमानवेधी क्षेपणास्त्रं), माघार असं टिपण काढलं. घरी वाचून दाखवलं, तर बायको तराकी आणि अमीन या दोन अफगाण कम्युनिस्ट नेत्यांच्या भांडणातच पेंगली. काय ठेवू, काय गाळू?

घाटवाट:
मार्च १९७९ च्या फोनपासून सुरू करा. हेरातमध्ये उठाव झालाय आणि सत्तेवरचा तराकी सोव्हिएत पंतप्रधान कोसिगिनना विनवतोय: फौज पाठवा, उझबेक-ताजिक जवानांना अफगाण गणवेश घाला, कुणाला कळणार नाही. कोसिगिननी दाद दिली नाही. नऊ महिन्यांनी काबूलमध्ये अमीनच्या ताजबेग महालावर चालून गेलेल्या सोव्हिएत तुकड्यांत अफगाण गणवेशातले मध्य आशियाई जवान होतेच! फक्त तोवर अमीनने तराकीचा काटा काढून सत्ता घेतली होती आणि पाळी अमीनची होती.

जुना_पाना:
त्या दिवशीचं जेवण विसरू नका. सोव्हिएत हेरखात्याने अमीनला जेवणातून विष घातलं आणि त्याला वाचवायला धावले सोव्हिएत डॉक्टरच. त्यांना कटाचा पत्ताच नव्हता. तो शुद्धीवर येतोय तोच हल्ला झाला. त्या धुमश्चक्रीत एक डॉक्टरही गेला. वहिनींची झोप उडेल.

नवखा_वक्ता:
हे भारी आहे. आणि पुढची नऊ वर्षं?

घाटवाट:
एका रस्त्यावरून सांगा, सोव्हिएत सीमेवरचं हैरातान ते काबूल. मधे हिंदुकुशातला सालंग बोगदा, १९६४ साली सोव्हिएतांच्याच मदतीने झालेला. लाखभर फौजेचं इंधन, दारूगोळा मुख्यतः त्याच वाटेने यायचा. शेजारीच पंजशीर खोरं, तिथे सोव्हिएतांशी लढणारा बंडखोर नेता अहमद शाह मसूद. मोठी मोहीम आली की हा बाजूच्या दऱ्यांत शिरायचा, फौज फिरली की परत खाली. (कुणीतरी गनिमी कावा काढेलच. त्यात शिरलात तर वीस मिनिटं गेली.)

चहाटळ:
स्टिंगर दोन वाक्यांत उरका. ती चालायला लागली सप्टेंबर १९८६ मध्ये. सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह तर त्याआधीच, त्याच वर्षी फेब्रुवारीत, या युद्धाला भळभळती जखम म्हणून मोकळे झाले होते. आणि भारताचं विचारतीलच: जानेवारी १९८० मध्ये संयुक्त राष्ट्रांतल्या, फौज मागे घ्या म्हणणाऱ्या ठरावावर आपण तटस्थ राहिलो.

नवखा_वक्ता:
शेवट १५ फेब्रुवारी १९८९, तिथल्या सोव्हिएत फौजेचे प्रमुख जनरल ग्रोमोव्ह सीमेवरच्या अमू दर्या नदीचा पूल ओलांडून परततात. चालेल?

जुना_पाना:
फोटो दाखवा, पण तिथे थांबू नका. सोव्हिएतांच्या पाठिंब्यावरचं नजीबुल्लाचं काबूलमधलं सरकार एप्रिल १९९२ पर्यंत टिकलं. सोव्हिएत संघ त्याआधीच, डिसेंबर १९९१ मध्ये आटोपला होता.